भाऊंच्या घरातला अनोळखी फोन

भाऊ गेल्यावर जो येईल तो कुलपांचंच बोलत होता. आमच्या कपाटाचं कुलूप त्यांनीच उघडलं होतं, आमच्या दाराला त्यांनीच लॅच बसवलं, हात काय होता म्हणून सांगू. सगळं खरं. पण ज्या गोष्टीने माणूस आतून पोखरला ती कुणी काढली नाही. घरातलेही काढत नाहीत. काढायला पाहिजे. नाहीतर भाऊ म्हणजे नुसते किल्लीवाले होते असंच राहील.

भाऊंचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत एक स्टूल, किल्ली कापायचं मशीन, आणि भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. घरी आले तरी शर्टाला पितळेचा भुसा चिकटलेला असायचा, वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, त्यांना दारातच झटकून घ्यायच्या, सतरंजी झटकावी तसं. गिऱ्हाईक आलं की भाऊ आधी कुलूप बघायचे नाहीत. आधी विचारायचे, "किल्ल्या किती होत्या? कुणाकुणाकडे होत्या?" सगळ्या किल्ल्या आणा, इथे फळीवर मांडा म्हणायचे. हिशेब लागला तर ठीक, नाही लागला तर कुलूप बदला. चोर दार फोडून येत नाही, किल्ली घेऊन येतो, हे त्यांचं ठाम मत.

त्यांना एकच लेक, बबी. बबीचं लग्न झालं, आणि ते बिनसलं. नवरा हात उगारायचा नाही, त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही पटेना. पण त्याने तिच्या फोनमध्ये काहीतरी घालून ठेवलं होतं. ऑफिसात बसल्या बसल्या त्याला ती कुठे आहे ते दिसायचं. बाजारात दहा मिनिटं जास्त लागली की फोन. मैत्रिणीकडे गेली की फोन. "तिथे काय करतेस? आता वळलीस कुठे?" आणि वर म्हणायचा, काळजी वाटते म्हणून विचारतो. पोरगी वाळून काडी झाली. एक दिवस दोन पिशव्या घेऊन माहेरी आली, आणि फोन नवऱ्याच्याच घरी टेबलावर ठेवून आली.

भाऊंनी तिला काही विचारलं नाही. दुकान बंद करून आले, पुढच्या मागच्या दोन्ही दारांची कुलपं बदलली, आणि हात धुता धुता म्हणाले, "बबे, इथे तुला कुणी बघणार नाही. मी आहे."

त्या वाक्यावर पोरगी पहिल्यांदा पोटभर जेवली, असं वहिनी सांगतात.

पुढे बबीने नवा फोन घेतला, तिला चष्म्याच्या दुकानात काम लागलं. ते भाऊंच्या दुकानापासून फार लांब नव्हतं. संध्याकाळी सुटली की ती भाऊंच्या जिन्याखाली यायची, भाऊ मशीनवर फडकं टाकायचे, आणि बाप-लेक गप्पा मारत घरी यायचे. हे रोजचं. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ यातच आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

घरात वायफाय घेतलं. बसवायला नेटच्या कंपनीची एक मुलगी आली होती, चटपटीत, तोंडाची फटकळ. डबा भिंतीला लावला, आणि भाऊंच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. "काका, यात दिसतं घरात नेट कोण कोण वापरतंय. हिरवं म्हणजे चालू, राखाडी म्हणजे बंद. कुणी आगंतुक दिसला तर इथे दाबायचं, ब्लॉक."

भाऊंना जे पाहिजे ते मिळालं. किल्ल्यांचाच हिशेब हा! बसून सगळ्यांना नावं दिली. बबीचा फोन, बबीचा लॅपटॉप, वहिनींचा फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा. एक भलतंच लांबलचक इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं नाव उरलं. भाऊ घरभर फिरून एकेक प्लग काढून बघायला लागले, तेव्हा कळलं की ते कपडे धुवायचं मशीन आहे.

"मशीनला नेट कशाला लागतं?" वहिनी म्हणाल्या. "बोलतं कुणाशी ते?"

"कंपनीशी बोलतं गं. कपडे किती मळके होते ते सांगतं," बबी म्हणाली.

"म्हणजे तुझ्या बाबांच्या शर्टाची अब्रू गेली!" वहिनी म्हणाल्या, आणि तिघं हसली. हसरं घर होतं तेव्हा.

मग भाऊंचा जुना फोन दुकानात मशीनखाली पडून फुटला आणि त्यांनी नवा घेतला. नव्यालाही नाव दिलं, 'भाऊ'. थोडे दिवस गेले आणि एका संध्याकाळी यादीत एक नवीनच आलं. नाव नाही, नुसते आकडे-अक्षरं, पुढे हिरवा ठिपका. अनोळखी. भाऊंनी ब्लॉक केलं. ते गेलं. काही दिवसांनी परत आलं, पण आकडे निराळे. परत ब्लॉक. परत निराळ्या आकड्यांनी हजर.

"डुप्लिकेट पाडतोय कुणीतरी," भाऊ म्हणाले.

आणि कोण पाडत असेल, तर डोळ्यासमोर एकच माणूस. जावई. ज्याने तिच्या फोनात शिरून ठेवलं होतं तो आता घरात शिरला. भाऊंनी लगेच पासवर्ड बदलला. सगळ्यांनी नवीन टाकला, आणि दोन दिवसांत ते अनोळखी पुन्हा हिरवं.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच भाऊंनी फर्मान काढलं. घरातली प्रत्येक वस्तू जेवणाच्या टेबलावर आणा. येईल ती आणा, येणार नाही तिचा प्लग काढा. बबीने फोन ठेवला, लॅपटॉप ठेवला, वर कानातले हेडफोनही ठेवले.

"आईचे दागिने पण आणू का?" ती म्हणाली.

"थट्टा नको. बंद कर एकेक."

भाऊ आपला फोन हातात धरून उभे. बबीचा फोन बंद, ठिपका राखाडी. लॅपटॉप बंद, राखाडी. वहिनींचा, टीव्ही, कॅमेरा, मशीन, सगळे राखाडी. आणि खाली ते एकटं अनोळखी, हिरवंगार.

"'भाऊ' पण राखाडी दिसतंय की," वहिनी मान वाकडी करून बघत म्हणाल्या. "तुमचा तर चालू आहे."

"अगं ज्याच्यावर बघतोय तो कसा दिसेल त्यात? आरशाशिवाय आपण आपल्याला दिसतो का?"

पटण्यासारखं होतं. भाऊंनी फोन खाली केला आणि बबीकडे बघितलं. "अजून एक आहे. टेबलावर न आलेला."

"माझ्याकडे काय बघता बाबा?"

"बघत नाहीये."

पण बघत होतेच. बाहेरून कुणी शिरत असेल तर घराच्या आसपास दिसायला हवा, आणि जावई कुठे दिसत नव्हता. मग भाऊंच्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. बबीकडे दुसरा फोन असेल तर? त्यानेच दिला असेल तर? गोड बोलून परत जाळ्यात ओढत असेल तर? अशा बायका परत जातात, दुकानात ऐकलेलं असतं माणसाने. त्यांनी ताळा बघायला सुरुवात केली. बबी संध्याकाळी घरी आली की अनोळखी येतं. सकाळी बबी गेली की ते जातं. अगदी बरोबर! आपणही तिच्याबरोबरच येतो आणि तिच्याबरोबरच जातो, हे मात्र त्या शहाण्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. एकदा बबी एकटीच मैत्रिणीकडे गेली, भाऊ घरी होते, आणि अनोळखी हिरवंच राहिलं. तर म्हणाले, घरी ठेवून गेली असेल लपवून.

हळूहळू भाऊंना दुकानात बसून ॲप उघडायची सवय लागली. ॲप कुठूनही दिसायचं. गिऱ्हाईकाची किल्ली मशीनला लावायची आणि दुसऱ्या हाताने फोन. बबीचा फोन हिरवा, म्हणजे घरी. राखाडी, म्हणजे बाहेर. एका हातात किल्ली, एका हातात लेक. शेजारचा काचवाला म्हणायचा, "भाऊ, मॅच आहे का?" भाऊ फोन उलटा ठेवायचे.

एक दिवस बबीचं डोकं दुखत होतं म्हणून ती दुपारीच घरी आली. संध्याकाळी भाऊ एकटेच आले आणि चपला काढता काढता बोलून गेले, "काय गं, आज दुपारीच घरी? बरं नाही का?"

बबी कांदा चिरत होती. तिचा हात थांबला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आईने सांगितलं असेल."

"मी नाही बाई सांगितलं," वहिनी आतून म्हणाल्या. "मी फोनच केला नाही."

बबी चाकू खाली ठेवून भाऊंच्या समोर आली. हात पुढे केला. त्यांनी फोन दिला. तिने ॲप बघितलं, आपलं नाव बघितलं, कधी आली, कधी गेली, सगळं तिथे होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन परत देत इतकंच म्हणाली, "तो पण असाच होता, बाबा. तुझ्या काळजीपोटी, म्हणायचा."

"त्याची आणि माझी बरोबरी करतेस?"

"मी नाही करत. फोन करतोय."

तिथे थांबले असते तर निभावलं असतं. पण त्या शब्दाने भाऊंना मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्यांनी तिचं कपाट उघडलं. कुलूप होतं, पण भाऊंना कुलूप म्हणजे काय! वहिनी दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "अहो नका, मोठी झालीय ती, नका." कपड्यांच्या घड्या उसकटल्या, पिशव्या उलट्या केल्या. दुसरा फोन नव्हता. परत घड्या घालून ठेवल्या, पण बापाची घडी आणि लेकीची घडी वेगळी असते. बबीने कपाट उघडलं आणि तिला कळलं.

"काय शोधत होतात?"

"दुसरा फोन. कुणी दिलाय सांग, मी रागावणार नाही."

बबी हसली. ते हसू वहिनींना अजून आठवतं. "इथे तुला कुणी बघणार नाही म्हणाला होतात," ती म्हणाली. मग त्याच दोन पिशव्या काढल्या आणि भरायला बसली. वहिनी रडल्या, हातापाया पडल्या. भाऊ बाहेरच्या खुर्चीत बसून होते, हट्टाने. जाऊ दे, खोटेपणा उघडा पडेल म्हणून जातेय, असं मनाला सांगत. चष्म्याच्या दुकानातल्या एका बाईकडे खोली होती, तिथे बबी राहायला गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ एकटे घरी आले, खुर्चीत बसले, ॲप उघडलं.

अनोळखी हिरवं होतं.

वहिनी म्हणतात, त्यांचा चेहरा असा झाला की यांना काय होतंय कळेना. बबी नाही, तिचं काही घरात नाही, आणि हे आहे. मग जावईच! आणि आपण लेकीला घराबाहेर काढलं, जिथे तिला सांभाळायला कुणी नाही! भाऊ तसेच अनवाणी खाली गेले, इमारतीभोवती चक्कर मारली, उभ्या गाड्यांच्या काचांतून वाकून बघितलं. वॉचमन म्हणाला, "काका, काय हरवलं?" भाऊ पुढच्या गाडीकडे वळले.

सकाळी नेटवालीला बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, यादी बघितली, ब्लॉक केलेल्यांची रांग बघितली.

"काका, तुमचा मोबाइलचा नेटपॅक हल्ली लवकर संपतो का?"

"संपतो. त्याचा काय संबंध?"

"त्या दिवशी सगळं बंद केलं म्हणता, तेव्हा हा बंद केला होता?" तिने भाऊंच्या हातातल्या फोनकडे बोट केलं.

"याच्यावर तर बघत होतो."

"तेच म्हणते मी. आता याचं वायफाय बंद करा, मी माझ्यावर बघते."

भाऊंनी बंद केलं. तिने आपला फोन त्यांच्यापुढे धरला. अनोळखी राखाडी झालं.

"सापडला चोर!" ती टाळी वाजवून हसली. "काका, हे नवे फोन आपला पत्ता, म्हणजे ते आकडे-अक्षरं, बदलत राहतात, कुणी माग काढू नये म्हणून. तुम्ही नाव दिलं ते जुन्या पत्त्याला. मग तुम्ही स्वतःलाच ब्लॉक करत होतात, फोन गुपचूप सिमवर चालत होता, आणि पत्ता बदलला की परत आत. एक बटण आहे, बंद करून देऊ?"

बोलता बोलता तिने वर बघितलं आणि तिचं हसू विरलं. भाऊ टेबलाची कड धरून उभे होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या एकच शब्द बोलल्या.

"आता?"

भाऊ तसेच निघून बबीच्या खोलीवर गेले. खोली कसली, एक पलंग, एक खिडकी, खिडकीत सुकत घातलेले कपडे. बबीने दार उघडलं, आत या म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

"तो फोन माझाच होता," भाऊ म्हणाले.

"कळलं. आईने सांगितलं."

"चूक झाली बबे. माझा फोन मलाच ओळखता आला नाही."

बबी पलंगावर बसली. "आणि फोन दुसऱ्या कुणाचा निघाला असता, तर चूक झाली नसती का?"

भाऊ येताना सगळं बोलायचं ठरवून आले होते, त्यातलं काही राहिलं नाही. शेवटी तिच्यासमोर ते ॲप काढून टाकलं आणि म्हणाले, "यापुढे तू कुठे आहेस हे मी तुला कधी विचारणार नाही. शब्द आहे माझा."

"नका विचारू," बबी म्हणाली. "मला वाटलं तर मी सांगेन."

ती परत राहायला आली नाही. पण सुट्टीच्या दिवशी यायला लागली, जेवायची, आईच्या केसांना तेल लावून द्यायची, जायची. भाऊंशी बोलायची, पण तोलून मापून. आणि भाऊंनी शब्द पाळला. फोन केला की जेवलीस का, खोकला आहे का, पगार झाला का, सगळं विचारायचे, कुठे आहेस हे नाही. मागे गाड्यांचा आवाज आला तरी नाही. वहिनी म्हणायच्या, "अहो विचारा की एकदा, पोटात ठेवून ठेवून अजीर्ण होईल." भाऊ म्हणायचे, "तिला वाटलं तर सांगेल." आणि बबीला वाटत नव्हतं अजून. वाटलं असतं हळूहळू. गाडी रुळावर येतच होती.

त्या दिवशीचं काचवाल्याने सांगितलं. दुपारची वेळ, भाऊ मशीनवर होते, एकदम घामाने भिजले. स्टुलावर बसले, डावा खांदा चोळत. काचवाल्याने पाणी दिलं. भाऊंनी फोन काढून बबीला लावला.

बबी सांगते, आवाज नेहमीसारखाच होता. थोडा दमलेला. "कशी आहेस?" म्हणाले. ती म्हणाली, "बरी आहे बाबा. जरा बाहेर आलेय, मागून करू का?" तर म्हणाले, "कर कर. सावकाश."

बस, एवढंच.

काचवाला म्हणाला, "अहो, लेकीला बोलवा ना. कुठे आहे ती?"

"बाहेर आहे."

"बाहेर कुठे? मी स्कूटरवर घेऊन येतो तिला."

"ते मी विचारत नाही," भाऊ म्हणाले. आणि हसले म्हणे थोडं. "ठरलंय आमचं."

बबी तेव्हा मागच्याच गल्लीत होती. टेलरकडे कपडे घ्यायला आली होती, त्याने अजून बटणं लावली नव्हती म्हणून बाकावर बसून होती. जिन्याखालच्या दुकानात मशीन मोठ्याने चाललं तर त्या बाकावर ऐकू येतं, इतकं जवळ. काचवाल्याने भाऊंना रिक्षात घातलं, रिक्षा त्या गल्लीच्या तोंडावरूनच गेली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं.

बबी आता आईजवळ राहायला आली आहे. रडत नाही फारशी. चष्म्याच्या दुकानात जाते, येते. पण एक झालंय. ती आता कुठेही निघाली की सांगते. कुणी विचारायच्या आधी. "आई, मी खाली दूध आणायला चाललेय." "आई, मी गच्चीत आहे, कपडे काढतेय." दुकानातून फोन करून सांगते, आता निघाले, आता पुलापाशी आले. परवा तर वॉचमनला सांगून गेली, मी औषधाच्या दुकानात जातेय. तो बिचारा नुसता हो ताई म्हणाला.

वहिनी तिला कधी पुरे म्हणत नाहीत. जिथे असतील तिथून ओ देतात. "बरं गं," म्हणतात. "कळलं."